वडिलांनी व्हिडिओ बघून शुगरच्या गोळ्या बंद केल्या: वय, शिक्षण आणि आरोग्याच्या खोट्या बातम्या

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की वडील 64 चे, जिंतूरकडं गावी राहतात, सातवी शिकलेले, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. कुठल्या तरी ग्रुपवर व्हिडिओ आला की शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते, तेव्हापासून मेटफॉर्मिन बंद आणि कसलं तरी कडू चूर्ण चालू. तुम्ही पुण्याला आयटीत, फोनवर भांडून थकलात. आणि विचारलंय की म्हातारी, कमी शिकलेली, खेड्यातली माणसंच अशा फेक हेल्थ न्यूजला बळी पडतात का आणि त्यांना पटवायचं कसं. मधेच एका वाक्यात हेही लिहिलंय की तुम्ही स्वतः सकाळी उपाशीपोटी ॲपल सायडर व्हिनेगर घेता, पोट कमी व्हावं म्हणून. त्याच्यावर नंतर येतो.

आधी कामाचं. उद्याच्या उद्या गावातल्या आशाताईंकडून किंवा उपकेंद्रात वडिलांची शुगर बघून घ्या. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, दम लागणं, गुंगी यातलं काही असेल तर वाट बघू नका, सरळ दवाखाना. हे काही नसेल तर घाबरायचं कारण नाही, एका दिवसात काही बिघडत नाही, निवांत वाचा.

मी परभणी जिल्ह्यातच फिजिशियन आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, आता तालुक्याच्या गावी स्वतःची ओपीडी. म्हणजे मी जे सांगतोय ते माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसणाऱ्या माणसांवरून. चूर्ण खाऊन ज्याला बरं वाटतंय तो माझ्याकडं कशाला येईल, त्यामुळं माझं चित्र थोडं एकांगी असणारच, हे धरूनच वाचा.

तुम्ही विचारताय की खोट्यावर विश्वास कोण ठेवतं. पण इतकी वर्षं बघून मला वाटतं की अडचण जरा वेगळ्या जागी आहे. ओपीडीत कुणालाही विचारा, व्हॉट्सॲपवर तब्येतीचं खोटंनाटं येतं का? सगळे म्हणतात लै येतं. तुम्ही कधी फसलात का? नाही बुवा. मग फसतंय कोण? म्हातारे म्हणतात आजकालची पोरं, दिवसभर मोबाईलमधे. पोरं म्हणतात आमचे बाबा. पुण्यातले म्हणतात गावाकडचे लोक, आणि गावाकडचे म्हणतात, "शहरातले लोक काय बी पावडरी खायलेत, त्यास्नी कोण विचारतंय." सुशिक्षित बाई मोलकरणीचं उदाहरण देते, मोलकरीण सासूचं. यावर अमेरिकेत डेव्हिसन नावाच्या अभ्यासकानं 1983 सालीच लिहून ठेवलंय, की प्रचाराचा परिणाम आपल्यावर कमी आणि दुसऱ्यांवर जास्त होतो असं प्रत्येकाला वाटतं. तेव्हा इंटरनेट पण नव्हतं. तुमचा प्रश्न पण, राग मानू नका, त्याच साच्यातला आहे. आणि वडिलांना फोनवर तो साचा बरोबर ऐकू जातो. पोरगा आपल्याला अडाणी समजतो हे कळलं की पुढचं ते कशाला ऐकतील.

आता वयाचं. वयानं फरक पडतो का, तर पडतो, पण तुम्ही समजता तसा सरळ नाही. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीवेळी फेसबुकवर कोण काय शेअर करतं याचा एक अभ्यास झाला होता, त्यात 65 च्या वरच्या लोकांनी खोट्या बातम्यांच्या साइटवरच्या लिंक सगळ्यात तरुण गटापेक्षा जवळजवळ सात पट जास्त शेअर केल्या होत्या. हे वाचून सगळे म्हणतात, बघा, म्हातारेच. पण 2023 मधे केंब्रिज विद्यापीठवाल्यांनी अमेरिकेतल्याच लोकांना खऱ्या-खोट्या हेडलाइन ओळखायला लावल्या, तर 18 ते 29 वयातल्या फक्त 11 टक्के लोकांना चांगले मार्क मिळाले आणि 65 च्या वरच्यांत 36 टक्क्यांना. म्हणजे ओळखण्यात म्हातारे पुढे, शेअर करण्यातही म्हातारेच पुढे. दोन्ही अभ्यास तिकडचे, आणि दोन्ही आरोग्याच्या बातम्यांपुरते नाहीत, तेव्हा ते जसेच्या तसे जिंतूरला लावू नका. पण ओळखणं वेगळं आणि पुढं पाठवणं वेगळं, हे मात्र मला इथंही रोज दिसतं. आपल्याकडं साठीच्या माणसानं "हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका" असा मेसेज पाठवला म्हणजे त्याला तो शंभर टक्के पटलाय असं नसतं. भावकीत, साडूला, पुण्यातल्या पोराला पाठवून तो विचारपूस करत असतो. फोन केला तर पोरगा मीटिंगमधे असतो, मग फॉरवर्ड करतो.

वयानं खरा फरक पडतो तो विषयात. साठीच्या माणसाला शुगर, बीपी, गुडघे, प्रोस्टेट आहे, म्हणून त्याला त्याचंच खोटं चिकटतं. पंचविशीतल्या पोराला केस गळतात, बॉडी करायचीय, लग्न जमत नाही म्हणून त्याला टेस्टोस्टेरॉन वाढवायची पावडर विकली जाते. तो तिला फेक न्यूज म्हणतच नाही, फिटनेस म्हणतो. माझ्याकडं जिमची पोरं येतात पुरळ घेऊन, लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले घेऊन, डबा कुठला विचारलं की मोबाईल काढून रील दाखवतात, आणि वर म्हणतात सर आमच्या वडिलांना जरा समजवा, ते काय बी व्हिडिओ बघतेत.

शिक्षणाचं तर विचारूच नका. तुम्हाला तो मेसेज आठवतो का, पी-500 लिहिलेली पांढरीशुभ्र पॅरासिटामॉल घेऊ नका, त्यात माचुपो व्हायरस आहे म्हणून? तो माझ्याकडं निरक्षर पेशंटकडून एकदाही आला नाही. आला तो हायस्कूलचे सर, बँकेतले लोक, इंजिनियर यांच्याकडून, आणि हो, आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर पण एकानं टाकला होता, "व्हेरिफाय करा" असं लिहून. माचुपो हा बोलिव्हियाकडचा व्हायरस, उंदरांपासून पसरतो, कोरड्या गोळीत तो जगूच शकत नाही. पण मेसेजमधे व्हायरसचं अवघड नाव होतं, गोळीचा नंबर होता, फोटो होता. शिकलेल्या माणसाला असलं लागतं. कमी शिकलेल्याला ओळखीचा आवाज लागतो, "मी स्वतः अनुभव घेतलाय" असं म्हणणारा. म्हणजे शिक्षणानं गाळणी लागते हे खरं, पण ती एका प्रकारचं खोटं अडवते आणि दुसऱ्या प्रकारचं आरामात आत सोडते. शिवाय शिकलेला माणूस एकदा फसला की त्याला बाहेर काढणं जास्त अवघड, कारण तो तुमच्याशी वाद घालायला दहा लिंक घेऊन येतो. सातवी शिकलेला माणूस निदान विचारतो तरी, "साहेब, हे खरंय का ओ?"

आणि गावात यातलं पुढं जातं कसं, तर गुरुजींमार्फत. गुरुजींनी ग्रुपवर टाकलं म्हणजे ते तपासूनच टाकलं असणार असं सगळा गाव धरून चालतो. गुरुजींना ते त्यांच्या मेहुण्यानं पाठवलेलं असतं.

बायकांचं वेगळंच आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे एनएफएचएस-5 मधे, देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका 33 टक्के होत्या आणि पुरुष 57 टक्के. आता आकडा वाढला असेलच, तरी गावाकडं घरातला स्मार्टफोन बऱ्याचदा पोराच्या नाहीतर मालकाच्या खिशात असतो. मग बाई फेक न्यूजपासून वाचली का? नाही ना. तिच्याकडं ते तोंडी येतं, आणि काही वेळा पांढऱ्या कोटातून येतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण तुम्ही वाचलंच असेल, 2019 साली विधिमंडळात सांगितलेला आकडा होता तीन वर्षांत 4,605 गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचा, फक्त त्या एका जिल्ह्यात. त्यातल्या कित्येक बायकांना साध्या पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" असं सांगितलं गेल्याच्या तक्रारी होत्या. माझ्याकडं पण येतात अशा, पस्तिशीतली बाई, पिशवी काढलेली, आता हाडं दुखतात, झोप लागत नाही, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. "का काढली?" विचारलं की एकच उत्तर, "कॅन्सर होणार म्हनले." आता हिला मी सांगू का की व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवू नका, फक्त डॉक्टरवर ठेवा? त्यामुळं सर्वेक्षणवाला येऊन तिला "फेक न्यूज ही मोठी समस्या आहे का" विचारेल तर ती गप्प बसेल किंवा माहीत नाही म्हणेल, आणि कागदावर असं येईल की ग्रामीण महिलांमधे जागरूकता कमी. जागरूकता कमी नाहीये, तिच्यावर जे बेतलं ते त्या प्रश्नात बसतच नाही.

तसंच समाजाचं. नोव्हेंबर 2018 मधे राज्यात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली, 9 महिने ते 15 वर्षांच्या पोरांना शाळाशाळांत इंजेक्शन. तेव्हा मेसेज फिरला की यानं पुढं मूल होत नाही. उर्दू शाळांत काही ठिकाणी आईबाप पोरांना घरी ठेवायला लागले. लोक लगेच म्हणाले, हे लोकच असले. पण जरा कुणी वयस्कर माणसाजवळ बसून ऐकलं असतं तर आणीबाणीतल्या, 76 सालच्या नसबंदीच्या गोष्टी निघाल्या असत्या, आणि त्या फक्त एका समाजाच्या नव्हत्या, तांड्यावर, वाडीवर सगळीकडं होत्या. सरकारी माणूस, सुई आणि मूल न होणं हे तीन एकदा एकत्र आलेले लोकांनी बघितलेत, मेसेज लिहिणाऱ्याला फक्त काडी लावायची होती. आम्ही तेव्हा जिथं जिथं मौलानांना, शाळेच्या हेडमास्तरांना आधी भेटून त्यांच्याच घरच्या पोरांना पहिली लस दिली तिथं काम सुरळीत झालं. जिथं नुसती पत्रकं वाटली तिथं पत्रकं जिलेबीवाल्याकडं गेली.

हे मोबाईलनंच झालंय असं पण समजू नका. 1994 च्या ऑगस्टमधे बीडजवळच्या मामला गावात प्लेगचे संशयित पेशंट निघाले, नंतर सुरतेत प्लेगची साथ आली, आणि मग टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकसाठी मुंबई-दिल्लीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी मेडिकलवर अशा उड्या टाकल्या की गोळी मिळेना. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल होता?

पैसा आणि अंतर हे दोन मुद्दे लोक विसरतात. सोयाबीनची काढणी चालू असताना दवाखान्यात यायचं म्हणजे एक रोज बुडतो, एसटीचं भाडं, वर रक्त-लघवी तपासायला सांगितली तर आणखी खर्च. त्याच्यापुढं घरपोच येणारं चूर्ण, कॅश ऑन डिलिव्हरी, आणि फोनवर "काका जेवलात का" विचारणारी मुलगी. ती मुलगी दर आठवड्याला फोन करते. मी नाही करत. आता तर नावाजलेल्या हार्ट सर्जनचा चेहरा आणि आवाज लावून बनवलेले व्हिडिओ फिरायलेत, ते तर शिकलेल्यालाही ओळखू येत नाहीत. शुगर बरी करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं बंदी आहे, पण रीलमधे कोण कायदा बघतंय.

तर इथवरचं एका ओळीत सांगायचं तर वय, शिक्षण, बाई-पुरुष, जात-धर्म, पैसा यानं माणूस फसणार की नाही हे ठरत नाही, कुठल्या विषयावर, कुणाच्या तोंडून आणि कुठल्या जुन्या अनुभवामुळं फसणार हे ठरतं. आता तुमच्या वडिलांकडं येऊ.

त्यांना हेच खोटं का चिकटलं असेल? मी त्यांना बघितलेलं नाही, पण याच कहाणीचे पेशंट माझ्याकडं दर महिन्याला असतात म्हणून अंदाज सांगतो. पहिलं म्हणजे गावात नाहीतर भावकीत कुणीतरी डायलिसिसवर असणार, आणि त्याची मेटफॉर्मिन डॉक्टरनं बंद केली असणार. लोकांनी बघितलं काय? गोळ्या खात होता, किडनी गेली, डॉक्टरनं गोळी थांबवली, म्हणजे गोळीनंच गेली. खरं उलटं आहे. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी. एकदा किडनीचं काम बरंच कमी झालं, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, 30 च्या खाली गेला, की मेटफॉर्मिन शरीरातून नीट बाहेर पडत नाही म्हणून आम्ही ती थांबवतो, त्याच्या आधी डोस कमी करतो. पण हे कुणी त्या माणसाला सांगत नाही, आम्ही पण घाईत नुसतं "ही गोळी आता बंद" म्हणतो आणि पुढचा पेशंट बोलावतो. म्हणजे व्हिडिओवाल्यानं जे सांगितलं त्याचा पुरावा वडिलांनी डोळ्यानं बघितलेला आहे. त्याला तुम्ही फोनवर "सगळं फेक आहे" म्हणता, तर त्यांच्या दृष्टीनं खोटं तुम्ही बोलताय.

दुसरं, मेटफॉर्मिननं कित्येकांना गॅस होतो, पोट बिघडतं. गोळी सोडली की दोन दिवसांत पोट शांत. मागं एक काका आले होते, धोतर, खांद्यावर उपरणं, अगदी खुशीत. "साहेब, गोळी सोडल्यापासून पोट हलकं वाटायलंय बगा, चूर्ण लागू पडलं." शुगर काढली तर 400 च्या वर. वाढलेली शुगर दुखत नाही हो, तीच तर पंचाईत आहे. आठवडेच्या आठवडे माणसाला काही कळत नाही, उलट बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचं श्रेय चूर्णाला जातं. त्या काकांना मी चूर्णाबद्दल अवाक्षर बोललो नाही. पोट बिघडणाऱ्या गोळीच्या जागी तीच हळूहळू विरघळणारी, एसआरवाली दिली, जेवणानंतर घ्यायला सांगितली, आणि किडनीची तपासणी करून रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला की बघा, इतकी वर्षं गोळी खाल्ली, क्रिएटिनिन व्यवस्थित आहे. तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "मंग त्यो व्हिडिओवाला काहून असं म्हनतो?" तिथून पुढं बोलणं सोपं झालं.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा आहे की व्हिडिओ खोटा आहे हे सिद्ध करायच्या भानगडीत पडूच नका. 2014 मधे अमेरिकेत आईबापांवर एक प्रयोग झाला होता, लसीनं ऑटिझम होतो हा गैरसमज पुरावे देऊन दूर केला, गैरसमज कमी झालाही, पण जे आधीपासून लसीच्या विरोधात होते त्यांची पोरांना लस द्यायची तयारी उलट आणखी घटली. वादात माणूस हरतो आणि वागणं तसंच ठेवतो. कोविडच्या वेळी आपल्या बाजूलाच बघितलं ना, नोव्हेंबर 2021 मधे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एक तरी डोस घेतला नसेल तर पेट्रोल आणि रेशन नाही असा आदेश निघाला, रांगा लागल्या, लस झाली. चांगलंच झालं, पण माझ्या ओळखीतले त्यातले काहीजण आजपण गुडघा दुखला तरी त्या लसीलाच नाव ठेवतात. सक्तीनं डोस जातो, संशय जात नाही. घरात तर सक्ती चालत पण नाही.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन दिवस काढून जा. पहिल्या दिवशी गोळीचा विषयच काढू नका. दुसऱ्या दिवशी विचारा, तो डायलिसिसवाला कोण, त्याला शुगर किती वर्षं होती, तो गोळ्या नियमित घ्यायचा का, बीपी होतं का. हे सगळं वडिलांना माहीत असतं, गावात सगळ्यांचं सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्यांनी ते एका ओळीत मांडून बघितलेलं नसतं. मग म्हणा, तुमच्या किडनीची मला पण काळजी आहे, चला तपासून घेऊ. तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणजे एचबीए1सी, क्रिएटिनिन, आणि लघवीतलं प्रोटीन, एवढं पुरे. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, तपासणी जिथं होत असेल तिथं करा, खाजगीत करायची तर पैसे तुम्ही द्या आणि द्यायच्या आधी सांगा, नाहीतर ते पैसे वाचवायला नको म्हणतील. चूर्णाची पुडी सोबत घेऊन जा आणि डॉक्टरला दाखवा. असल्या चूर्णांत कधी कधी शुगरचीच ॲलोपॅथिक गोळी कुटून घातलेली असते, आणि सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड, ज्यानं शुगर आणखी भडकते. मग वरून गोळी चालू केली तर शुगर एकदम खाली पण जाऊ शकते, म्हणून डोस मनानं चालू करू नका, डॉक्टरला ठरवू द्या.

आणि घरात आई असेल तर तिच्याशी आधी बोला. तुम्ही प्रश्नात आईचा उल्लेखच केला नाहीये. चूर्ण कोण भिजवतं, जेवण कोण वाढतं, गोळीचं पाकीट कुठल्या कोनाड्यात आहे हे तिलाच माहीत. माझ्या ओपीडीत नवऱ्याच्या गोळ्या परत चालू होतात त्या बहुतेक वेळा बायकोमुळं, पोरामुळं क्वचित.

राहिला तुमचा व्हिनेगर. त्यानं वजन थोडंफार कमी होतं की नाही यावर वाद घालत नाही, पण रोज उपाशीपोटी नुसतं घेत असाल तर दातांचं इनॅमल झिजतं आणि ॲसिडिटी वाढते, निदान पाण्यात घालून, जेवणासोबत घ्या. हे तुम्हाला कुणी सांगितलं, कुठं वाचलं, त्याच्यावर का विश्वास बसला, हे आठवून वडिलांना सगळं मोकळेपणानं सांगा. हसतील ते. पण मग त्यांचा व्हिडिओ पण तुम्हाला दाखवतील, आजवर दाखवला नसेल कदाचित. दाखवला तर शेवटपर्यंत बघा, मधे बोलू नका, आणि शेवटी कुठला फोन नंबर येतो, काय विकायलेत, किती रुपयाला, ते त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा.

रिपोर्ट आले की इथं टाका, नाव झाकून. क्रिएटिनिन आणि वय लिहिलंत तर ईजीएफआर मी काढून सांगतो.